तोरणाखाली उभी राहिलेली पांढरी एमजी

दिनांक २३ ऑगस्ट २०२५
पोलीस ठाणे सौसर, जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश

नाव: श्रीमती विजया हेमंत देवघरे
वय: ६४ वर्षे
व्यवसाय: निवृत्त शिक्षिका, विषय इंग्रजी व भूगोल
राहणार: नदीकडचा उतार, पांढुर्णा. शेती व संत्र्याचा बगीचा मौजे मोहगाव, तहसील सौसर.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देते की, वर लिहिलेल्या पत्त्यावर मी एकटी राहते. काल पोळ्याच्या दिवशी माझी गाडी चोरीला गेल्याची जी तक्रार माझे पुतणे प्रतीक देवघरे यांनी दिली, त्या बाबतीत मला विचारल्यावरून सांगते.

ठाण्याचे कामकाज हिंदीत चालते. मला हिंदी चांगली येते. पण जे सांगायचे आहे ते सगळे मराठीत घडलेले आहे, म्हणून मी ते मराठीत व स्वतःच्या हाताने लिहून देण्याची परवानगी मागितली. हेड कॉन्स्टेबल श्री. भूपेंद्र यांनी ती दिली. हिंदी तर्जुमा ते मागाहून जोडणार आहेत. आम्हाला शाळेत सिस्टर सांगत, की आधी घडले ते लिही, वाटले ते नंतर. मी तसा प्रयत्न करते.

भूपेंद्र म्हणाले, "मॅडम, गाडी तुमचीच हाय हे पहिले येऊ द्या. कागद तं हायेच, पण कुठून आली, कशी आली, थे लिहा. बाकी शॉर्टमध्ये." म्हणून तिथून सुरू करते.

सन १९८६ च्या मार्च महिन्यात मी आणि माझे पती कै. हेमंत देवघरे सौसरच्या बसस्टँडवर पांढुर्ण्याच्या बसची वाट पाहत बसलो होतो. लग्नाला वर्ष व्हायचे होते. बसला उशीर होता. हेमंत संत्रे सोलून फोडीवरचे पांढरे दोरे काढत होते आणि एकेक फोड माझ्या हातावर ठेवत होते. मी मुख्याध्यापिकेबद्दल काहीतरी कुरकुर करत होते. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक लहानशी पांढरी उघडी गाडी येऊन थांबली. तिच्या तोंडातून वाफ येत होती. मँगनीजच्या खाणीवरचे डॉक्टर उतरले आणि त्यांनी पाणी मागितले. हेमंतनी आमची पिण्याच्या पाण्याची कॅन दिली. त्यात मी वाळा घातला होता. गाडी थंड झाल्यावर डॉक्टरांनी सगळे पाणी तिला पाजले. बस येईपर्यंत आम्ही तहानलेले राहिलो.

गाडी गेल्यावर हेमंत म्हणाले, "विजया, पाहिली का? उभी होती तरी पळून राहिली होती."

हीच ती गाडी. एमजी कंपनीची, इंग्लंडमध्ये १९६३ साली बनलेली, दोन जागांची, कापडी छपराची. दाराला बाहेरून मूठ नाही. आत हात घालून दार उघडावे लागते. ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीलाही नाही, हे श्री. भूपेंद्र यांनी माझ्यासमोर पाहिले.

त्यानंतर पाच वर्षे हेमंत दर दोन-चार महिन्यांनी डॉक्टरांच्या बंगल्यावर जात. गाडी पुसू लागत, हवा भरू लागत, चहा पिऊन परत येत. विकणार का असे त्यांनी एकदाही विचारले नाही. १९९१ साली डॉक्टर कायमचे केरळला निघाले तेव्हा त्यांनीच आम्हा दोघांना बोलावले. मोठ्या गावातले लोक मागणी घालून गेले होते. डॉक्टरांनी हेमंतना एकच प्रश्न विचारला, "रस्त्यात पाऊस आला तर आधी काय झाकाल?"

हेमंत म्हणाले, "आधी विजयाला. गाडीला सवय आहे."

डॉक्टर खूप हसले. मला तेव्हा राग आला होता, कारण मी भिजायला घाबरते असे त्यातून दिसत होते. कागद हेमंत यांच्या नावे झाले. त्यांच्या निधनानंतर ते माझ्या नावे झाले आहेत व प्रत सोबत जोडली आहे.

पूजेला आम्ही गाडी जामसांवलीला, आडव्या मारुतीच्या देवळात, नेली. तिथे रोज गाड्या येतात, पण ही इतकी बुटकी, की हार घालायला पुजाऱ्यांना कमरेत वाकावे लागले. ते म्हणाले, "सर, आमचा मारुती झोपलेला, अन् तुमची गाडीही झोपलेलीच आणली काय?" लिंबावरून चाक गेले तेव्हा मी डोळे मिटले होते. का ते माहीत नाही.

गाडीने आम्हाला त्रास पुष्कळ दिला. पावसात छप्पर गळे. उन्हाळ्यात चढावर ती बसून घेई. काही भाग जुन्या हिंदुस्थान गाड्यांचे बसत, ते हेमंत नागपूरच्या भंगार बाजारातून खिशात घालून आणत. मग शर्ट धुताना माझ्या हाताला वंगण लागे. कुणी पाहुणे आले की एकालाच फिरवून आणता येई. नातेवाईक म्हणत, पुढे कुटुंब वाढले की ही गाडी काय कामाची? गाडीत दोनच जागा होत्या. आम्हाला दोन पुरल्या.

ती चालवायला हेमंतनी मला शिकवले, मोहगावच्या रस्त्यावर, बगीच्याचे ट्रक जाऊन रस्ता मोकळा झाल्यावर. मी साडी नेसून ही गाडी पांढुर्ण्याच्या बाजारातून नेली, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली भिंतीवर चढून टाळ्या वाजवत होत्या. असे आयुष्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे मला ठाऊक आहे.

आता कालच्या घटनेसाठी लागेल तेवढे चिंधूबद्दल सांगते.

चिंधू गाखरे, वय साठीच्या आसपास, राहणार मोहगाव, हा माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमच्या शेतावर सालदार आहे. गाडी आणि चिंधू यांची ओळख गोटमारीमुळे झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवर उभे राहतात आणि दगड सुटतात. आमचे घर काठापासून फार लांब नाही. कापडी छपराची गाडी तिथे ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून दर वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही ती मोहगावला नेऊन बैलांच्या कोठ्यात ठेवत असू.

त्याच संध्याकाळी चिंधू बैलांचे खांदे शेकत असे. पळसाच्या पानाने खांद्यावर तूप आणि हळद लावायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पहिल्या वर्षी हेमंत गमतीने म्हणाले, "चिंधू, आमच्या गोऱ्ह्याला विसरला काय?" चिंधूने गाडीभोवती एक फेरी मारली, खांदे कुठे असतील याचा विचार केला आणि पुढच्या दोन्ही चाकांवरच्या मडगार्डांना तूप-हळद लावली. मी म्हटले, रंग खराब होईल. हेमंत म्हणाले, होऊ दे. पुढच्या वर्षीपासून सांगावे लागले नाही. मोहगावात गाडीला सगळे गोऱ्हा म्हणू लागले.

हेमंत २०१९ साली गेले. त्यानंतर मी एकदाच गाडी चालवत मोहगावला नेली आणि कायमची तिथल्या कोठ्यात ठेवली. गाडीची किल्ली मी स्वतः चिंधूच्या हातात दिली. ती परत मागितली नाही. बंद पडू नये म्हणून गाडी अधूनमधून सुरू करावी आणि बगीच्यात फिरवावी, असेही मीच त्याला सांगितले होते. हेमंतनी त्याला तेवढे चालवायला शिकवले होते. किल्ली चोरलेली नाही, कुलूप तोडलेले नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सहा वर्षांत मी ती गाडी एकदाही पाहायला गेले नाही. चिंधू महिन्याच्या महिन्याला फोन करी. हालहवाल सांगून झाली की म्हणे, "आन् गोऱ्हा बरा हाय, बाई." मी बरं म्हणून फोन ठेवी.

यंदा प्रतीकने नागपूरचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन शोधला. माणूस चांगला आहे, गाडी नीट ठेवेल, असे त्याने सांगितले. मी हो म्हटले. उद्या, रविवारी, ते गृहस्थ येणार होते. प्रतीकने तसे चिंधूला फोनवर कळवले होते.

काल दुपारनंतर प्रतीक मोहगावला पोहोचला तेव्हा कोठ्याचे दार सताड उघडे होते. गाडी नव्हती, चिंधू नव्हता आणि चिंधूचा फोन घरात खुंटीला टांगलेल्या शर्टाच्या खिशात वाजत होता. प्रतीकने मला फोन केला, "काकू, गाडी गेली. चिंधू पण गायब आहे. विकायची नव्हती त्याला, म्हणून लपवली असेल." मी म्हटले, थांब. तोपर्यंत त्याने पोलिसांना फोन केलेला होता. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच केले असते. त्याचा हेतू माझ्या वस्तूचे रक्षण करण्याचा होता आणि त्यासाठी मी त्याची ऋणी आहे. मात्र तो नागपुरात वाढला. पोळ्याला मोहगावात माणसे कुठे असतात, हे त्याला माहीत नव्हते. गावात जाऊन पाहण्याऐवजी त्याने फाट्यावर गाडीची वाट अडवून धरली.

त्या वेळी गाडी गावाच्या मैदानात तोरणाखाली उभी होती.

हे मी पाहिलेले नाही. आज सकाळी मोहगावचे रघुनाथराव, जे पोळ्याला गावचे बैल रांगेने उभे करायचे तोरण लावतात, त्यांनी ठाण्यात फोनवर सांगितले ते आम्ही सर्वांनी ऐकले. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "चोरी कसची, सायब? साऱ्या गावानं पाह्यलं. चिंधूची जोडी मोडली ना यंदा. एक बैल गेल्या साली गेला, दुसरा वैशाखात. मीच त्याले म्हटलं होतं, का चिंधू, देवघऱ्याचं दावं रिकामं यंदा. तं हा गाडी घेऊन आला! झूल काय, बेगड काय! मी म्हटलं, अबे, हा पेट्रोल पेते, याले तोरणात कसा घेऊ? तं मले म्हणते, तुमचा ट्रॅक्टर काय ताक पेते काय?"

भूपेंद्रनी विचारले, "मंग घेतलं तोरणात?"

"घेतलं. शेवटी उभा केला. बैल बुजतीन म्हणून. पण बैल नाही बुजले, माणसंच बुजले. सारे फोटो काढून राहिले." मग म्हणाले, "झडती बी म्हटली त्यानं. विचारा त्यालेच."

तोरण तोडून पोळा फुटायच्या आधी बैलवाले एकमेकांना टोमणे मारत जी कवने म्हणतात त्यांना झडत्या म्हणतात. भूपेंद्रनी विचारल्यावर चिंधू बाकावरून उठला. ठाण्यात म्हणू का, असे त्याने विचारले. भूपेंद्र म्हणाले, बयानात येईल, म्हण. त्याने म्हटली ती अशी:

"चार पायाचा निघून गेला, चार चाकाचा आला,
शेण नाही, मूत नाही, धूर सोडत चालला,
शिंग नाही, शेपूट नाही, डोळे मात्र दोन,
देवघऱ्याच्या दारचा गोऱ्हा, याले हाकलते कोन?
हर बोला हर हर महादेव!"

ठाण्यात जे दोघे-तिघे हजर होते, त्यांनी महादेवाला उत्तर दिले. बाकी सगळे पांढुर्ण्याला गोटमारीच्या बंदोबस्तावर होते.

पोळा फुटल्यावर बैल मालकाच्या दारी नेण्याची रीत आहे. मालकीण पायांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी खाऊ घालते. पूर्वी आमचे बैल मोहगावच्या घराच्या दारात येत. ते घर आता बंद असते. मालकीण पांढुर्ण्याला राहते. चिंधूने म्हणून गाडी शेताच्या वाटेने मागच्या बाजूला काढली, कारण बैल त्याच वाटेने बाहेर निघतात, आणि तो पांढुर्ण्याकडे निघाला. प्रतीक फाट्यावर उभा होता, त्याला ती दिसली नाही.

बगीच्याबाहेर चिंधूने गाडी कधी चालवलेली नव्हती. तो बैलाच्या चालीने आला, असे नाक्यावरच्या शिपायाचे म्हणणे आहे. मागे मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या आणि हा बाजूला होत नव्हता. अंधार पडल्यावर पांढुर्ण्याच्या अलीकडे नाक्यावर त्याला थांबवले. आजच्या गोटमारीच्या बंदोबस्तासाठी येणारी प्रत्येक गाडी तपासत होते आणि प्रतीकची खबर तिथे पोहोचलेली होती. तिथे जे बोलणे झाले ते चिंधूने व शिपायाने सारखेच सांगितले.

"गाडी कोणाची?"

"देवघरे बाईची."

"कुठं नेऊन राहिला?"

"बाईच्या घरी. ओवाळायले."

"काय ओवाळायले?"

"बैल."

शिपायाने गाडीत वाकून पाहिले. एका जागेवर चिंधू होता, दुसऱ्या जागेवर नारळ. शिपायाने चिंधूचे तोंड हुंगले. दारूचा वास नव्हता. त्यामुळे त्याचा संशय उलट वाढला, असे तो आज मला म्हणाला.

चिंधूला इथे सौसरला आणले, कारण तक्रार इथली होती. मला रात्री कळले. रस्ते बंद होत होते आणि माझ्याकडे यायला साधन नव्हते. पहाटे प्रतीक मला घ्यायला आला. दगड सुरू होण्याआधी आम्ही गाव सोडले.  रस्त्यात तो एकदाच म्हणाला, "काकू, मला काय माहीत." मी म्हटले, खरं आहे.

चिंधूला कोणी त्रास दिला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. श्री. भूपेंद्र यांनी आपल्या घरून आलेल्या डब्यातली पुरणपोळी त्याला दिली आणि थंडी वाजू नये म्हणून स्वतःची चादर दिली. मी त्यांची आभारी आहे. सण सोडून माणसे अशी कामाला बसतात, म्हणून आपण घरी झोपतो.

मला पाहून चिंधू उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, गाडीले कायी नाही झालं. एक वरखडा नाही." मग त्याचे लक्ष प्रतीककडे गेले. तो म्हणाला, "परतीकभाऊ, खरा बैल नेला असता तं तुमी रिपोट देली असती काय?"

प्रतीक म्हणाला, "रविवारी विकायची होती ना, चिंधूकाका. मला वाटलं..."

"म्हून तं नेली. इकायचा बैल असला तरी त्याले पोळा पाहू देते मानूस. पोळ्याच्या तोंडावर गोठा कोनी रिकामा करते काय?" आणि मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून, "आन् बाई, तुमी तं याच्याकडं येऊनच नोयत्या राहिल्या. म्हटलं, आपनच नेऊन दाखवाव. दारात आला म्हंजे पाहाल तरी."



मग मला गाडी ओळखण्यासाठी आवारात नेले. मी ती ओळखली. पंचनाम्यात आहे त्याप्रमाणेच वर्णन करते. बॉनेटवर गोंड्यांची मठाठी बांधलेली, जी बैलाच्या कपाळाला बांधतात. समोरच्या पट्टीला घुंगरमाळ. दोन्ही दिव्यांभोवती बेगड. दारांवर गेरूच्या हाताचे ठसे, हात चिंधूचे. छपरावर झूल. ही झूल आमच्या गेलेल्या जोडीपैकी उजव्या बैलाची आहे. दोन्ही मडगार्डांवर तूप आणि हळद. गाडी आतून स्वच्छ. सीटवर पोत्याचे कापड घातलेले, कातडे घासू नये म्हणून. सहा वर्षे उभ्या असलेल्या गाडीला उंदीर लागतात, वायरी जातात. ही गाडी किल्ली फिरवताच सुरू झाली. भूपेंद्र यांनी फिरवली.

मी घरून डब्यात पुरणपोळ्या आणल्या होत्या, चिंधूसाठी. आवारात उभी राहिल्यावर मी भूपेंद्रना विचारले, की मी हिला ओवाळले तर चालेल का?

ते म्हणाले, "मॅडम, जप्तीतली गाडी हाय. सही होईपर्यंत हात नाही लावता येत."

मी विचारले, "हात न लावता पाणी घातलं तर?"

त्यांनी विचार केला. "पाण्याचं कायी लिहेल नाही," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः ठाण्याच्या माठातून तांब्या भरून आणला.

मी पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातले. कुंकू नव्हते, ते ठाण्याच्या देवाच्या फोटोपुढच्या डबीतून प्रतीकने आणले. हात लावायचा नव्हता म्हणून वरून सोडले. काही गाडीवर पडले, काही माझ्या चपलेवर. निरांजन नव्हते. भूपेंद्रनी खिशातून काडेपेटी काढली आणि चिंधूने एक काडी ओढून माझ्या हातात दिली. ती विझेपर्यंत मी ओवाळले. पुरणपोळी बॉनेटसमोर जमिनीवर कागदावर ठेवली. चिंधू गाडीच्या दिव्याशी वाकून म्हणाला, "जेव रे बाबा. घर नाही तं थाना सही."

कार्बोरेटरवर पेट्रोल आणि गरम धूळ यांचा एक वास असतो. तो मला आला. याहून जास्त लिहिण्याची तपासासाठी गरज नाही.

तरी मी सांगते की, माझी गाडी चोरीला गेलेली नाही. चिंधू गाखरे ती माझ्याच किल्लीने, माझ्याच परवानगीच्या भरवशावर, माझ्याच घरी आणत असताना त्याला थांबवण्यात आले. त्याच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही व नव्हती. प्रतीक यांनी आपली तक्रार लेखी मागे घेतली आहे. चिंधूकडे गाडी चालवण्याचा परवाना नाही, ही गोष्ट खरी आहे. ती मी लपवत नाही. त्याबाबत कायद्याने जे होईल ते मालक म्हणून माझ्यावर व्हावे. किल्ली त्याला मीच दिली, परवान्याचे मी विचारले नाही.

त्याचे नाव चोरीच्या कोणत्याही कागदावर राहू नये, एवढेच माझे मागणे आहे. मोहगाव लहान आहे. तिथे माणूस सुटला हे कोणी लक्षात ठेवत नाही, नेला होता हे ठेवतात. म्हणून सुटका झाल्याचे आजच, दिवसाउजेडी, रघुनाथरावांना ठाण्यातून फोनवर कळवावे. ते गावात सांगतील. त्यांचा आवाज मोठा आहे.

जप्त केलेल्या वस्तूंबाबत मला विचारले, त्या कोणाला द्यायच्या. त्याप्रमाणे:

गाडी सुपुर्दनाम्यावर माझ्या ताब्यात द्यावी. ती मी चालवत मोहगावला नेईन. माझा परवाना चालू आहे. गेल्या वर्षी मी त्याचे नूतनीकरण करून घेतले. कशासाठी, असे त्या कार्यालयातल्या मुलीने विचारले होते. गाडी विकायची नाही. नागपूरच्या गृहस्थांना प्रतीक कळवेल, आणि पोळ्याला मोहगावला जेवायला यावे असे पुढच्या वर्षीचे आमंत्रणही माझ्या वतीने देईल. त्यांची काही चूक नाही.

झूल, मठाठी आणि घुंगरमाळ या तिन्ही वस्तू चिंधूच्या आहेत. पंचनाम्यात त्या 'गाडीसोबतचे सामान' म्हणून लिहिल्या आहेत, तसे नको. त्या वेगळ्या काढून त्याच्या सहीनिशी त्यालाच द्याव्यात. गाडीवर बांधायच्या असतील तर तो बांधेल.

नारळ ठाण्यातच फोडावा. आज पांढुर्ण्याहून बंदोबस्त करून परत येतील त्या सगळ्यांना प्रसाद द्यावा. कोणी जखमी होऊन आला असेल तर त्याला आधी. उरलेल्या पुरणपोळ्या भूपेंद्र यांनी घरी न्याव्यात. काल त्यांच्या डब्यातल्या कमी झाल्या आहेत.

गाडीची दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये होती. ती मी आत्ता, या टेबलावर, प्रतीकला देत आहे. माझ्यानंतर गाडी त्याची. अट एकच, की पुढचा उन्हाळाभर त्याने सुट्टीच्या दिवशी मोहगावला यावे आणि ती सुरू कशी करायची ते चिंधूकडून शिकावे. चिंधू शिकवताना शिव्या देतो, त्या ऐकून घ्याव्यात.

शेवटचे. फॉर्मवर एक रकाना आहे, 'इसम चिंधू गाखरे यास कोणाच्या ताब्यात दिले'. त्यात माझे नाव लिहू नये, प्रतीकचेही नाही. तो रकाना रिकामा ठेवावा आणि चिंधूला नुसते जाऊ द्यावे. तो बाहेर जाऊन डाव्या बाजूच्या जागेवर बसेल की बसने जाईल, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. मी गाडी सुरू करून वाट पाहते.

वरचा मजकूर माझ्या अक्षरातला आहे. श्री. भूपेंद्र यांनी तो चिंधू आणि प्रतीक यांच्यासमोर पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. मध्ये एका ठिकाणी चिंधू म्हणाला, "हे नोका ठेवू, बाई, लोकं हासतीन." ते मी ठेवले आहे. लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे.

सही
विजया हेमंत देवघरे

समक्ष
भूपेंद्र, हेड कॉन्स्टेबल